चावडीतली नोटीस आम्ही वाचायची कशी?

आम्ही इकडं साच्यावर उभे, आणि तिकडं गावच्या चावडीत आमच्या वाटणीच्या जमिनीचा फेरफार लागतो! १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५० सांगतं : नोंदीची नक्कल चावडीत लावा, ज्यांचा हक्क गुंतला त्यांना लेखी कळवा, नोटीस बजावल्याखेरीज नोंद प्रमाणित करू नका. पण नोटीस डकवतात गावच्या बंद दाराला. झाली बजावणी! आमचा खाडा टाइमकीपरला पाच मिनिटांत कळतो. दप्तराला खातेदाराचा पत्ता वर्षानुवर्षं सापडू नये? शहरातला पत्ता लिहून घ्या, नोटीस तिथं धाडा. मोजणीची तारीखही रजा काढून एस.टी. गाठता येईल इतकी आधी कळवा. सातबारा आता संगणकावर दिसतो, ठीक. पण भलतंच नाव चढल्यावर दिसून आम्ही काय करायचं?