तबकडीचा खरा सा

ऑडिओचा छंद असलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: तुम्ही गाणं ऐकता की मशीन? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महागडे स्पीकर, बोटाएवढ्या जाड केबल आणि त्यांच्या किमतींवरून रात्र रात्र चालणारे वाद असतात. तेही या छंदात आहेच. त्यातल्या बऱ्याच भागाशी मला देणंघेणं नाही. पण प्रश्नाचं उत्तर मी सरळ देतो. मी मशीनही ऐकतो, आणि ते ऐकावंच लागतं. ध्वनिमुद्रित गाणं आणि आपला कान यांच्यामध्ये मशीन असतंच. ते काय वाढवतंय आणि काय खातंय हे कळल्याशिवाय गाणारा नेमका कसा गायला, हे कळत नाही.

साधी वेगाची गोष्ट घ्या. लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजवायच्या, हे आपण गृहीत धरतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा पक्का झालेला नव्हता. कुणाचं मुद्रण त्याहून कमी वेगात व्हायचं, कुणाचं जास्त. समजा, ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी आपण ७८ वर लावली, तर अख्खं गाणं पाच टक्क्यांहून अधिक चढतं. पेटीवर पाहिलं तर जवळजवळ पुढची पट्टी. पांढरी पाचमध्ये गायलेली बाई काळी चारमध्ये ऐकू येते, आवाज कोवळा होतो, तान आहे त्याहून चपळ वाटते. मग आपण म्हणतो, काय तयारी होती! तयारी होतीच, पण ऐकलेल्यातला काही भाग मोटरचा असतो.

वेग तपासायला एक छापील गोल चकती मिळते. ती तबकडीवर ठेवायची. ७८ च्या वेगासाठी तिच्या कडेने ७७ काळ्या रेघा आखलेल्या असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, पण फिरत्या चकतीवर त्याचा परिणाम दिसतो: वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी उभ्या, जास्त असला तर पुढे सरकताहेत, कमी असला तर मागे. चांगल्या एलईडीच्या उजेडात हे जमत नाही. म्हणून घरातले सगळे दिवे बदलले तरी प्लेअरवरची जुनी ट्यूब मी उतरवू दिलेली नाही.

चकतीचं काम इथे संपतं. आपली मोटर ७८ वर आहे एवढंच ती सांगते. गाणं किती वेगाने मुद्रित झालं, ते कानानेच शोधावं लागतं. त्या काळच्या पेट्याही आजच्या पट्टीत लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे हातात ट्यूनर असूनही निकाल लागत नाही. अशा वेळी मदतीला येतं ते बोलणं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्याला आले आणि नोव्हेंबरात त्यांनी गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत, तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं हे कळावं, म्हणून ही सोय, असं सांगतात. मला त्या दोन-तीन सेकंदांचा वेगळा उपयोग होतो. चढवलेलं गाणं एक वेळ फसवेल, चढवलेलं बोलणं लगेच कृत्रिम वाटतं. तिचं नाव सांगणं साध्या माणसाच्या बोलण्यासारखं होईपर्यंत वेग उतरवायचा आणि मग सुरुवातीपासून गाणं लावायचं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची बाई त्यानंतर निराळीच भेटते.

वेगाची ही काळजी फार लांबपर्यंत गेलेली आहे. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुई दिली आहे, आणि आवरणावर ती कशी वाजवायची हे आकृत्यांनी कोरलेलं आहे. ऐकणाऱ्याला आपलं मिनिट माहीत नसणार, म्हणून एका फेरीचा काळ, आपल्या हिशेबाने ३.६ सेकंद, हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाला लागणाऱ्या वेळेच्या मापात सांगितला आहे. वेग चुकला तर केसरबाईंचा सा चुकेल. कुणी ऐकेल की नाही याची खात्री नसताना एवढी दक्षता घेणारे लोक मला फार जवळचे वाटतात.

वेगानंतर खोली. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलला खाली फरशी, बाजूला उघड्या भिंती आणि एक मोठी काच असते. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्यामागून फर्रर्र असा आवाज आला तर भिंती तो एकमेकींकडे फेकताहेत, आणि त्या प्रत्येक स्वराचं तेच करणार. जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट, भिंतीवर टांगलेली गोधडी यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा महागड्या वायरीने पडलेला मी ऐकलेला नाही. स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढले की डग्ग्याचा घुमारा मोकळा होतो, एरवी तो नुसता दणदणतो.

नवी सिस्टिम पारखताना मी आधी तानपुरा ऐकतो. गाणारा अजून सुरू व्हायचाय, फक्त चार तारा चालू आहेत, ती सुरुवातीची काही सेकंदं. चांगल्या सिस्टिमवर प्रत्येक तारेनंतर वरच्या स्वरांचा एक झोत उलगडत जातो. वाईट सिस्टिमवर सगळ्याची एकच भुणभुण होते. कमी बिटरेटच्या एमपी३ मध्ये तर तो झोत पाण्यात बुडाल्यासारखा गढुळतो.

हा झोत कुठून येतो ते पाहायचं तर मिरजेला जायला हवं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हा झोत म्हणजेच जवारी. ती काढणारा कारागीर तारेखालची घोडी कानशीने जराशी घासतो, तार लावतो, छेडतो, पुन्हा तार उतरवून घासतो. मग तारेखाली सूत सरकवतो, केसभर इकडे, केसभर तिकडे. त्या वेळी तिथे राग नसतो की बंदिश नसते, नुसता आवाज असतो, आणि तो माणूस त्याच्यात पूर्ण बुडालेला असतो. त्याला कुणी विचारत नाही की तू गाणं ऐकतोस की तार? ऑडिओचा शौक हा परदेशातून आलेला श्रीमंतांचा थाट आहे असं म्हणणाऱ्यांनी त्याच्याशेजारी तासभर बसावं. माझ्या लेखी तोच या छंदातला थोरला माणूस.

आता एक विनंती. तुमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्यांची पेटी असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा खाली उतरवा. तबकड्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. सौम्य साबणाचा थेंब टाकलेलं पाणी आणि मऊ कापड पुरे, फक्त मधलं लेबल कोरडं ठेवा. लेबलवरचा क्रमांक वहीत उतरवून घ्या. आणि लावायची असेल, तर ७८ च्या सुईनेच लावा. एलपीची सुई या रुंद खाचेच्या तळाला जाऊन बसते, आणि तिथे फक्त धूळ असते.