नकाशा नको, एन दाखवा

गाढी नदीच्या पुराचा रंगीत नकाशा बघितला की वाटतं, कॉम्प्युटरने पाण्याचा थेंब न् थेंब मोजलाय. तसं काही नसतं. दोन मीटर खोल, सेकंदाला दोन मीटर धावणारं पाणी घ्या. त्यातले सगळ्यात बारके भोवरे मिलिमीटरच्या काही शतांशाएवढे असतात. ते पकडायचे तर एका घनमीटरला जवळपास शंभर लाख कोटी बिंदू लागतील. अख्खी नदी विसराच.

म्हणून पुराच्या मॉडेलमध्ये भोवरे गाळून त्यांच्या जागी एक आकडा ठेवतात : मॅनिंगचा एन. पात्र किती खरखरीत, त्याचं माप. स्वच्छ, सरळ नदीला साधारण ०.०३, झुडपांनी गच्च भरलेल्या पात्राला ०.१ किंवा त्याहून जास्त. हा आकडा माणूस निवडतो, फोटो बघून, अनुभवावरून. आणि तेवढंच पाणी, तोच उतार ठेवून रुंद पात्राचा एन दुप्पट केला, तर खोली दीडपट होते. दोन मीटरचे तीन. तळमजल्यावर राहणाऱ्याला यातला फरक समजवावा लागत नाही.

पनवेलजवळ विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली, खाडीकाठची सखल जमीन भराव घालून उंच केली. भरावानंतर पाणी गावात शिरतं, ही डुंगीच्या लोकांची तक्रार जुनी आहे. त्यावर उत्तर एकच, ‘शास्त्रीय अभ्यास झालाय.’ झाला असेलच. माझं भांडण इंजिनिअरांशी नाही, झाकून ठेवलेल्या इनपुटशी आहे. एन किती धरला? भरतीची पातळी कोणती? पात्राचं मोजमाप भरावाआधीचं की नंतरचं?

‘लोकांना यातलं काय कळतं?’ असं विचारणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, तुम्ही पावसाळ्यात त्या काठावर किती वेळा उभे राहिलात? जिथे मॉडेलने ०.०३ धरलंय तिथे राडारोड्याचा ढीग आहे, हे गावातला कुणीही बोट दाखवून सांगेल. आमच्या धंद्यात साधं बटण बदललं तरी टेस्ट दाखवल्याशिवाय कोड पुढे जात नाही.

इथे टेस्ट तयारच आहे. २६ जुलै २००५. त्या दिवसाचा पाऊस नि भरती मॉडेलमध्ये घाला, आणि पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या पनवेलकरांना विचारून ताडून बघा. मग तोच पाऊस आजच्या भरावावर पाडा. दोन्ही निकाल, एनसकट, मराठीत, महापालिकेच्या भिंतीवर लावा. यंदाच्या जूनआधी.