पडदा कोणाच्या मालकीचा?

अमरावती-अकोल्याच्या मोहल्ल्यांतील मकतबात पाच-सहा वर्षांचे मूल नुरानी कायदा घेऊन बसते, अलिफ-बे घोकते, आणि मुअल्लिम त्याचा एकेक उच्चार कानाने तपासतो. आता तोच कायदा मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत जी वाट नाइलाजाने रुळली, ती आता बंद होणार नाही.

यावर दोन पक्ष भांडत आहेत. एकाला पडदा धर्मबाह्य वाटतो. दुसऱ्याला मकतबात टॅब पोहोचला की समाज आधुनिक झाला असे वाटते. पहिल्याने ध्यानात घ्यावे की, त्याच्या हातातील छापील कायदाही एके काळच्या नव्या यंत्राचीच देणगी आहे. दुसऱ्याने सांगावे की, घोकंपट्टी तीच ठेवून कागदाच्या जागी काच बसविली, तर सुधारणा ती कोणती?

खरा प्रश्न मालकीचा आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षण-अहवालाने तोच विचारला: हे साधन कोणाच्या अटींवर? फुकट मिळणारे अ‍ॅप पुष्कळदा जाहिरातींवर जगते. मुलाचे नाव, वय, आवाज कोणाच्या दप्तरी जमा होतो, हे हातगाडी ओढणाऱ्या बापाला कोण सांगणार? श्रद्धा त्याची, मूल त्याचे. नफा मात्र दुसऱ्याचा!

आणि या झगमगाटात शिक्षक विसरला जातो. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की, शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मदरशांत शिकतात. मकतब ही बहुधा शाळेला दिलेली जोड असते. म्हणजे बहुसंख्य मुलांचे भवितव्य साध्या शाळेत ठरते. मदरशांत गणित, विज्ञान, मराठी शिकविण्यासाठी राज्याची डॉ. झाकिर हुसेन योजना आहे. तीत डी.एड. शिक्षकाचे मानधन २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत महिना ६ हजार रुपये, म्हणजे दिवसाला २०० रुपये होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती! विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते १६ हजार झाले. गणिताच्या शिक्षकाला खड्डे खणणाऱ्या मजुराहून स्वस्त ठरविणाऱ्या शासनाने आधुनिकीकरणाची भाषा करावी, हा विनोद नव्हे, ढोंग आहे.

आपली भूमिका निःसंदिग्ध हवी. धर्मशिक्षणाचा भार समाजाने उचलावा; त्यासाठी सार्वजनिक तिजोरी नाही, मग तो मदरसा असो वा वेदपाठशाळा. मकतबाला पडदा हवा तर खुशाल घ्यावा. पण लहान मुलासमोर तो मुअल्लिमाच्या देखरेखीखाली, ठरावीक वेळेपुरताच असावा. यंत्र चूक दाखवील. मूल आज गप्प का, हे विचारणार नाही.

राज्याचे कर्तव्य मात्र उर्दू शाळेच्या दारात सुरू होते: पुरेसे शिक्षक, चालू संगणक, चांगली मराठी. अचलपूर, बाळापूरच्या कार्यकर्त्यांनी मकतबातील पडदे मोजण्याआधी या शाळांतील रिकाम्या खुर्च्या मोजाव्यात, आणि तो हिशेब जिल्हा परिषदेपुढे ठेवावा.