घंटी वाजते, बोलणे ऐकू येत नाही

दूध संस्थेत इंटरनेटवरचा फोन बसवला, घंटी वाजते, पण पलीकडचे बोलणे ऐकू येत नाही. असे झाले तर फोनला दोष देण्याआधी फायरवॉल पाहावी. घंटीचा निरोप एसआयपी पद्धतीने, बहुधा ५०६० क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे दारातून येतो. आवाज मात्र यूडीपीच्या वेगळ्या दारांतून वाहतो. अ‍ॅस्टेरिस्क यंत्रणेत ती साधारण १०००० ते २०००० अशी असतात. नेमके आकडे फोनसेवा देणाऱ्या कंपनीकडून लिहून घ्यावेत. तेवढीच दारे, तीही कंपनीच्या पत्त्यापुरती उघडावीत. सगळाच बांध फोडला तर चोरटे शिरून परदेशी फोन करतात, बिल संस्थेच्या माथी! राउटरमधले ‘एसआयपी एएलजी’ही बंद करून पाहावे, मदतीसाठी दिलेली ही सोय पुष्कळदा घोळच घालते.