ड्रॉवरमधल्या जुन्या फोनची किंमत सात रुपये? ई-कचऱ्याचं गणित समजून घेऊया

घरातला तो एक ड्रॉवर उघडून बघा. प्रत्येकाकडे असतोच. आत दोन जुने फोन, त्यातल्या एकाची स्क्रीन फुटलेली. तीन चार्जर, एकाच कानात वाजणारा इअरफोन आणि थोडी फुगलेली पॉवर बँक.

ओला आणि सुका कचरा वेगळा करायला आपण शिकलो. भाजी आणायला जाताना कापडी पिशवी नेतो. मग या ड्रॉवरमधला माल कुठल्या डब्यात टाकायचा? उत्तर नीट माहीत नसतं, म्हणून ड्रॉवर पुन्हा बंद होतो.

हा प्रश्न फक्त आपल्या आळसाचा आहे का? थोडासा आहे. पण त्यामागे कायदा आहे, पैसा आहे आणि कंपन्यांनी सरकारविरुद्ध लढवलेली कोर्टातली केससुद्धा आहे. ते एकदा समजून घेतलं की आपल्या फोनचं पुढे काय होतं हे कळतं.

आधी मोठं चित्र

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-कचरा अहवालानुसार, २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीचा ड्रॉवरमध्ये, कचरा डेपोत किंवा कुठेतरी उघड्यावर तोडला-जाळला गेला.

गंमत म्हणजे हा कचरा फुकट जाण्यासारखा नाहीच. फोनमध्ये तांबं, सोनं, चांदी असते आणि बॅटरीत लिथियम, कोबाल्ट. एका फोनमधलं सोनं अगदी कणभर असतं, पण टनभर फोन एकत्र केले तर खाणीतल्या टनभर मातीपेक्षा कितीतरी पट जास्त सोनं निघतं. म्हणूनच केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये कचऱ्यातून महत्त्वाची खनिजं काढण्याच्या उद्योगासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. त्यातली मुख्य कल्पना सोपी आहे. ज्याने वस्तू बाजारात आणली, ती शेवटी रिसायकल होण्याची जबाबदारीही त्याचीच. पूर्वी या यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता शंभराहून जास्त आहेत.

पण कंपनी तुमच्या दारात येऊन फोन घेऊन जाईल असं मात्र नाही. व्यवहार प्रमाणपत्रांवर चालतो. नोंदणी केलेला रिसायकलर कचऱ्यातून धातू काढतो, त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्रं मिळतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपलं टार्गेट पूर्ण करतात. पहिल्या दोन वर्षांसाठी हे टार्गेट ६० टक्के होतं, पुढच्या दोन वर्षांसाठी ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के.

ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर मिळतात. म्हणजे फोनमधल्या बाकीच्या दुर्मीळ धातूंसाठी मेहनत घेण्याचं रिसायकलरला या नियमातून फारसं कारण मिळत नाही.

आता ते सात रुपये

प्रमाणपत्रांचा भाव खूप पडला तर काय होईल? खरं रिसायकलिंग परवडणार नाही आणि कागदावरचं रिसायकलिंग वाढेल. ही भीती हवेतली नाही. प्लास्टिकच्या अशाच योजनेत २०२३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा सहा लाखांहून जास्त बनावट प्रमाणपत्रं सापडली होती.

म्हणून सरकारने ई-कचऱ्यासाठी किमान दर ठरवला. ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोला २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी किलोला ३४ रुपये. आपला फोन साधारण २०० ग्रॅमचा. म्हणजे हजारो रुपयांना विकलेल्या फोनच्या शेवटच्या प्रवासासाठी कंपनीवर पडणारा किमान खर्च सात रुपयांपेक्षाही कमी. चहाच्या एका कटिंगइतका!

तरीही या किमान दराविरुद्ध सॅमसंग, एलजी, डायकिन यांसारख्या मोठ्या कंपन्या २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. खर्च आधीच्या मानाने अनेक पटींनी वाढतो आणि दर सरकारने ठरवू नये, असा त्यांचा मुद्दा. एसी-फ्रीज बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने पाहिलं तर तो समजतो, कारण त्या वस्तूचं वजनच कित्येक किलो. पण फोनच्या बाबतीत खर्च फार जास्त आहे असं म्हणणं गळी उतरत नाही.

मग फोन भंगारवाल्याकडेच का जातो?

कारण या साखळीची सुरुवात जिथे होते, तिथे काहीच बांधलेलं नाही. फोन तुमच्या घरात आहे आणि पैसा रिसायकलरच्या फॅक्टरीत तयार होतो. मधलं अंतर कोण कापणार? नव्या नियमांत कंपनी, कारखानदार, रिफर्बिशर आणि रिसायकलर यांची नोंदणी होते. घरोघरून माल गोळा करणाऱ्याची नाही.

भंगारवाला मात्र दारात येतो, लगेच रोख देतो आणि कुठलाही फॉर्म भरून घेत नाही. त्याला दोष देऊन उपयोग नाही, शहरातली निम्मी सफाई त्याच्याच जिवावर चालते. अडचण पुढे होते. माल दिल्लीच्या सीलमपूरसारख्या किंवा मुरादाबादसारख्या ठिकाणी पोहोचला की तिथे वायरी जाळून तांबं आणि ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढलं जातं. आपण ज्याला ‘विल्हेवाट’ म्हणतो, त्याचा धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जातो.

आणि सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे फोन गुपचूप सुक्या कचऱ्यात टाकणं. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेऊ शकते. तो कचरा पुढे कुणीतरी हाताने वेगळा करतं, हे विसरू नका.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते आणि जुने कपडे, सामान, ई-कचरा यांच्यासाठी वेगळ्या मोहिमाही घेते. जी माणसं रोज दारात येतात, त्यांनाच या साखळीत हक्काची जागा आणि मोबदला दिला तर मधलं अंतर मिटू शकतं. माझ्या मते नियमांत सगळ्यात आधी दुरुस्ती हवी ती इथेच.

रिसायकलिंगच्या आधीचा प्रश्न

स्मार्टफोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा फोन तयार होतानाच होऊन गेलेला असतो. रोजच्या चार्जिंगचा वाटा त्यामानाने छोटा. म्हणजे सगळ्यात ‘ग्रीन’ फोन कोणता? जो तुमच्या खिशात आहे तोच, अजून दोन वर्षं वापरला तर.

युरोपने इथे कायदा वापरला. जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही किमान ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि फोन दुरुस्तीला किती सोपा आहे हे लेबलवर दिसलं पाहिजे. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं आणि २०२५ मध्ये सरकारी समितीने फोनला दुरुस्तीचे गुण देण्याविषयी अहवाल दिला. दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलशेजारी असे गुण दिसले, तर खरेदीचा निर्णय नक्की बदलेल.

आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी द्यायची. आजची एक्स्चेंज ऑफर म्हणजे तेच. फरक इतकाच, की बोहारणीकडचा कपडा पुढे कुणीतरी वापरणार हे आपल्याला माहीत असायचं.

मग या रविवारी काय करायचं?

१. चालू फोन आधी वापरात आणा. बॅटरी बदलून चालत असेल तर बदला. घरात कुणाला तरी द्या किंवा विका. सेकंडहँड फोन घेणार असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय नंबर काढा आणि ‘संचार साथी’वर तो चोरीचा नाही ना हे तपासा.

२. डेटा काढा. बॅकअप घ्या, गूगल किंवा ॲपल अकाउंटमधून साइन आउट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. आधी रीसेट केलं तर फोन जुन्या अकाउंटला लॉक राहू शकतो.

३. फुगलेली बॅटरी वेगळी ठेवा. ती टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. इतर सामानापासून दूर, कोरड्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर द्या.

४. नीट ठिकाणी द्या. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, महापालिकेची ई-कचरा मोहीम किंवा नोंदणीकृत रिसायकलर. ‘हा माल पुढे कुठे जातो?’ हे विचारा आणि पावती मागा.

५. सोसायटीत एक खोकं ठेवा. एका फोनसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, पण चाळीस घरांचा माल एकत्र असेल तर पाठवेल. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाका, सुरुवात होईल.

सात रुपये कुणी द्यायचे हे कोर्ट आणि सरकार ठरवतील. पण त्यासाठी फोन आधी ड्रॉवरबाहेर यायला हवा, आणि त्या ड्रॉवरची किल्ली आपल्याकडेच आहे.