सहा एकर ऊस आणि विकतची मेथी

ज्या घराच्या मागे सहा एकर ऊस उभा आहे, त्या घरात मेथीची जुडी विकत येते. हे वाक्य आमच्या भांडगावात कुणाला विचित्र वाटत नाही. मला वाटतं, आणि त्याबद्दलच हे भांडण आहे.

पुणे-सोलापूर हायवेवर यवत सोडलं की आमचं गाव लागतं, पुढे चौफुला. हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. याच रस्त्यावरून भाजीचे टेम्पोही ये-जा करतात. बऱ्याचदा असं होतं की कोथिंबीर शेजारच्या तालुक्यात पिकते, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाते, तिथं तिचा लिलाव होतो आणि दुसऱ्या दिवशी सुकून आमच्या फाट्यावर परत येते. तिला इथे विकत घेणारा माणूस स्वतःला बागायतदार म्हणवतो.

आता तुमच्या मोबाईलकडे येऊ. बोट वर सरकवलं की एक रील येतंच. गच्चीवर पाइनच्या फळ्यांची चौकट, आत कोकोपीट, वर लेट्यूस, शेजारी पांढऱ्या टी-शर्टातला हसरा माणूस. खाली लिहिलेलं असतं ‘रेज्ड बेड’. चौकट, माती, बी असं सगळं किटमध्ये घरपोच मिळतं. माझ्या पुण्यातल्या मित्रांना ही गोष्ट परदेशातून आलेली वाटते. गावातल्या पोरांना ती शहरातली वाटते. दोघंही चुकतात. हिला गादीवाफा म्हणतात. दौंड-शिरूरमध्ये कांदा करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने तो आयुष्यात वीसदा तरी केलेला असतो.

कांद्याचं रोप टाकायचं तर सपाट जमिनीत कुणी टाकत नाही. मीटरभर रुंद, तीनेक मीटर लांब आणि वीतभर उंच गादी करतात, शेणखत मिसळतात, ओळीत बी टाकतात. मीटरभरच रुंद का? कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यावर पाय पडता कामा नये. पायाने माती दबते, दबलेल्या मातीत हवा राहत नाही, हवा नसेल तर मूळ गुदमरतं. ‘रेज्ड बेड’चं सगळं शास्त्र एवढंच आहे, आणि ते आमच्या आज्जीला मीटर म्हणजे काय हे माहीत नसताना माहीत होतं. फरक इतकाच की सहा-सात आठवड्यांनी रोपं उपटून शेतात लावली की आम्ही तो वाफा मोडतो. घरासाठी ठेवावा असं मनातही येत नाही.

गच्चीपेक्षा त्याची गरज आमच्याकडे जास्त आहे, हे कुणी बोलत नाही. खडकवासल्याचा कालवा सुमारे दीडशे वर्षांपासून या पट्ट्याला पाणी देतो, पार पाटसच्या माटोबा तलावापर्यंत. पाणी आलं, ऊस आला, उसाबरोबर पाण्याची सवय आली. भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, फुगते, वाळली की भेगाळते. वर्षानुवर्षं भरपूर पाणी देत राहिलं आणि निचरा झाला नाही तर तळातले क्षार वर येतात आणि जमीन खारवट, चोपण होत जाते. अशा जमिनीत पालक टाकला की उगवतो तेव्हाच पिवळा दिसतो. मग घरातले म्हणतात, ‘आपल्याकडं भाजी येतच नाय.’ येते. वीतभर वर उचला, येते. पावसाळ्यात पाणी चरीतून निघून जातं आणि मुळं कोरड्या खोलीत राहतात. एक बारकावा मात्र रीलवाला सांगणार नाही. चरीतून पाणी दिलं की ते वाफ्याच्या माथ्याकडे चढतं आणि क्षार मधोमध आणून ठेवतं. म्हणून खारं पाणी असेल तर बी माथ्यावर नाही, वाफ्याच्या खांद्यावर टोचायचं.

दहा फूट बाय तीन फूट, नऊ इंच उंच. हिशोब केला तर साडेबावीस घनफूट, म्हणजे पाव ब्राससुद्धा माती नाही. पाया भरायला आपण किती ब्रास मुरूम ओततो ते आठवा. फळ्या नकोत, पाइन तर नकोच. कडेला जुन्या विटा लावा, नाहीतर कडा नुसत्या ढाळून द्या. वर आच्छादन म्हणून पाचट. उसाचं पाचट, जे आपण तोडणीनंतर काडी लावून जाळतो आणि दोन दिवस सगळ्या गावाच्या डोळ्यांत धूर घालतो. शहरातला माणूस मल्चिंगचा पेंढा पैसे देऊन मागवतो.

यावर घरातून येणारं उत्तर ठरलेलं असतं. माझे चुलते दर वेळी तेच देतात. ‘धा-वीस रुपयाची जुडी. त्यासाठी कशाला उगं माती चिवडायची?’

हा हिशोब मला मान्य नाही, आणि मेथी महाग आहे म्हणून नाही. तो करताना जुडीचे पैसे कुणाच्या खिशातून निघतात हे कुणी विचारत नाही. उसाचं बिल कारखान्याकडून बँकेत जमा होतं, सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात. बहुतेक घरांत ते नाव पुरुषाचं असतं. भाजीचे पैसे मात्र बाईला रोज मागावे लागतात. परड्याची वेगळी नोंद सातबाऱ्यावर कधीच नव्हती, म्हणून तिथं काय लावायचं हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. न्हाणीच्या पाण्यावर अळू, कुडाला घेवडा आणि दोडका, उकिरड्याच्या कडेला भोपळा. उसाने ते परडं खाल्लं नाही, ऊस तिकडे शेतात होता. परडं खाल्लं बंगल्याने, पार्किंगने आणि आता पेव्हर ब्लॉकने. गावात नवीन घर झालं की पहिल्यांदा अंगण मारून टाकतात. पाऊस पडला की चिखल नको, एवढंच कारण.

हे म्हणणं मी काही नव्याने काढलेलं नाही. शरद जोशींनी १९९१ साली चतुरंग शेतीची मांडणी केली. हा तोच माणूस, ज्याने १९८० मध्ये आमच्याच जिल्ह्यात चाकणला कांद्याच्या भावासाठी रस्ता अडवला आणि ज्याचं आयुष्य बाजार आणि भाव यांवर बोलण्यात गेलं. त्या चार अंगांत पहिलं अंग काय होतं? सीताशेती. घरच्या खाण्यासाठी, बाईच्या हातातली जमीन. व्यापारशेती आणि निर्यातशेती त्यानंतर. आमच्या पट्ट्यातल्या नेत्यांनी त्यांचा भाव तेवढा उचलला आणि सीता शेताबाहेरच ठेवली.

राहीबाई पोपेरे यांना २०२०चा पद्मश्री जाहीर झाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंनी जपलं काय? घेवडा, वाल, भोपळा, पालेभाज्या यांचं गावरान बी, म्हणजे परड्याचंच बी. त्यांच्या कामाला साथ देणारी ‘बाएफ’ ही संस्था १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी आमच्याच हायवेवरच्या उरुळी कांचनला सुरू केली. भांडगावातून तिथं मोटरसायकलवर चहा गार व्हायच्या आत पोचता येतं, असं आमच्याकडे थोडं वाढवून सांगतात. तरी त्या बियांना आमच्या एकाही अंगणात जागा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या मुलांत ६८.९ टक्के. एका वाफ्याच्या पालकाने हे बरं होईल असं सांगणारा खोटं बोलतो, त्याला गोळ्याही लागतात आणि इतर खाणंही. पण पानात पालेभाजी रोज पडायची तर ती हाताशी हवी. आठवड्यातून एकदा आणलेली जुडी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि मग चार दिवस बटाटा. हे मी आमच्याच स्वयंपाकघराबद्दल बोलतोय.

किटवाल्यांनाही सोडत नाही. ‘चार बाय आठमध्ये घरची सगळी भाजी’ ही जाहिरात फसवी आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी, प्रयोग परिवारवाल्या, कुटुंबाच्या गरजा भागवायला दहा गुंठ्यांचा हिशोब मांडला होता. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ अकरा हजार चौरस फूट. तुमची चौकट बत्तीस चौरस फुटांची. त्यात कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, चार मिरच्या, दोन वांगी होतील. मेथी महिनाभरात, मुळा दीड महिन्यात. एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून बाग उभी केली, ती विकतच्या कोकोपीटवर नाही, स्वयंपाकघरातून निघणाऱ्या ओल्या कचऱ्यावर. मुंबईतल्या गोदीच्या गच्चीवर जे जमलं त्याला भांडगावात जागा नाही म्हणणं ही निव्वळ थाप आहे.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला खरा वाटतो. माझी बहीण म्हणाली, ‘म्हणजे आईला आणखी एक काम.’ परसबागेची सरकारी पोस्टर आठवा, वाफ्यात वाकलेली बाई असते, पुरुष फोटोत आला तर उद्घाटनाला. बचत गटातून बी वाटायचं, निंदण बाईने करायचं आणि पोषणाचा अहवालही तिच्याच नावावर. असा वाफा असण्यापेक्षा विकतची मेथी बरी. म्हणून माझी अट आहे. कुदळ पुरुषाने मारायची. खत, माती त्याने वाहायची. जो खातो त्याने संध्याकाळी पाणी घालायचं, आणि सातवीतला पोरगाही खातो. काय लावायचं हे मात्र आईने ठरवायचं, आणि उरलेलं विकलं तर त्या पैशाचं काय केलं हे तिला कुणी विचारायचं नाही.

आमच्याकडे सध्या या शेवटच्या अटीवर अडलंय. जागेचा प्रश्न सुटला. बोअरच्या शेजारी ट्रॅक्टर वळवायला ठेवलेल्या पट्टीतून दहा बाय तीन फूट सोडायला चुलते तयार झालेत, ट्रॉली थोडी पुढून वळवू म्हणाले. पैशाचं कशाला आत्ता, म्हणतात. आई म्हणते, आधी ते ठरू दे, मग माती ओढा.