विश्लेषण : रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी पाय बधिर? ल्युकेमिया चेतातंतूंमध्ये कसा लपतो?

ल्युकेमियाच्या उपचारांनंतर रक्त आणि अस्थिमज्जेचे रिपोर्ट स्वच्छ आले, की रुग्णाच्या घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. मात्र क्वचित हा आजार हातापायांच्या चेतातंतूंमध्ये परततो. त्याला ‘न्यूरोल्युकेमिओसिस’ म्हणतात.

औषधे तिथे का पोहोचत नाहीत?

मेंदूप्रमाणेच चेतातंतूंभोवतीही एक संरक्षक भिंत असते. रक्तातील अपायकारक घटक ती रोखते. पण केमोथेरपीच्या अनेक औषधांनाही अडवते. आत शिरलेल्या कर्करोगपेशींना त्यामुळे आसरा मिळतो. मणक्यातील पाण्यात दिलेले इंजेक्शनही हातापायांच्या चेतातंतूंपर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

निदानात गफलत कुठे होते?

ल्युकेमियावरील व्हिन्क्रिस्टीन या औषधानेही मुंग्या आणि बधिरपणा येतो. त्यामुळे नवी तक्रारही ‘केमोचा परिणाम’ समजली जाऊ शकते. औषधाचा त्रास सहसा दोन्ही पायांत सारखा असतो आणि बोटांपासून सुरू होतो. ल्युकेमियाचा त्रास मात्र अनेकदा एकाच हातात किंवा पायात सुरू होतो. तीव्र वेदना होतात, ताकद कमी होत जाते, पाऊल किंवा मनगट उचलता येत नाही.

कोणत्या तपासण्या लागतात?

चेतातंतूंच्या वहनक्षमतेची चाचणी (एनसीव्ही), एमआरआय आणि पेट-सीटीतून बाधित जागा कळू शकते. खात्री बायोप्सीने होते. मात्र तुकडा काढलेल्या भागात कायमचा बधिरपणा राहू शकतो, म्हणून हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो. मणक्यातील पाण्याचा रिपोर्टही स्वच्छ येऊ शकतो.

उपचार काय?

बाधित जागी रेडिएशन दिले जाते, पण तेवढ्यावर भागत नाही. मज्जेबाहेर परतलेला आजार पुढे अनेकदा मज्जेतही उफाळतो. म्हणून संपूर्ण शरीरासाठी केमोथेरपी आणि शक्य असल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार होतो. आजार दुर्मीळ असल्याने मोठ्या चाचण्यांवर आधारित ठरलेली उपचारपद्धती नाही.

आता हे महत्त्वाचे का?

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून साकारलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये देशात मंजुरी मिळाली. आजार उलटलेल्या काही रुग्णांनाही आता नवे पर्याय आहेत. पण त्यासाठी तो उलटल्याचे वेळेत कळायला हवे. प्रत्येक मुंगी म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र पूर्वी ल्युकेमिया झालेल्या व्यक्तीला एकाच बाजूला वाढता अशक्तपणा जाणवला, तर पुढच्या फॉलोअपची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.